कर्नलना कुठे नेताय?

इन्था आजोबा अकरा वर्षं भिक्खू होते. मग नाक्यावर भात विकणाऱ्या एका बाईपायी चीवर उतरवून घरी आले. हे ते स्वतःच सांगतात. "निर्वाण लांब होतं, तिचं दुकान जवळ होतं." थायलंडच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत आमचं हे गाव. नवी गाडी असो, नवं घर असो, अंगणातलं देवतेचं छोटं देऊळ असो, आजोबांच्या मंत्राशिवाय इथे काही उभं राहत नाही आणि जागचं हलतही नाही.

त्या नोव्हेंबरात हलवायचा होता कर्नल थवीतांचा पुतळा. कर्नल आमच्याच गावचे. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी राजाच्या हातातली सत्ता संविधानाच्या हाती देणाऱ्यांतले एक. गावातली शाळा त्यांनी बांधली, म्हणून पुतळा आवारात आणि नाव इमारतीवर. पण अशी नावं आता वरच्यांना नको झाली होती. ठिकठिकाणचे पुतळे हलत होते. कुठे गेले ते विचारायचं नसतं, एवढं सगळ्यांना कळत होतं. इमारतीवरची अक्षरं आदल्या आठवड्यातच उतरली. यापुढे 'शांती भवन' म्हणायचं, असं पत्र आलं.

"नाव बदलल्याने भिंती पडतात का?" विज्ञानाचे सर आमच्या शिक्षकखोलीत म्हणाले.

"नाही ना पडत? मग बदलता कशाला?" अनोंगने विचारलं. अनोंग म्हणजे आजोबांची मुलगी. सहा वर्षं झाली, शाळेत हंगामी शिक्षिकाच आहे. सरांनी उठून दार लावून घेतलं.

पुतळा गुपचूप गेलाही असता, पण क्रेनवाला चुम अडून बसला. "क्षमायाचना झाल्याशिवाय मी हुक लावत नाही. माझ्या भावाने एक देऊळ असंच उचललं, अजून कुबड्यांवर आहे."

म्हणून शिक्षण कचेरीतले साक्दासाहेब संत्र्यांची टोपली घेऊन आजोबांच्या घरी आले. सोबत एक टाइप केलेला कागद. "आजोबा, एवढंच म्हणायचं."

आजोबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "'या स्थानी असलेल्या पूजनीय वस्तूस.' नाव कुठाय?"

"नाव नको."

"साहेब, हाक मारायची तर नाव लागतं. नाहीतर आसपासचे भलतेच चार आत्मे जेवायला येऊन बसतील."

साहेब हसले. "अनोंगबाईंची कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे बरं का. कामाच्या चांगल्या आहेत म्हणतात." मग वाकून नमस्कार करून ते निघून गेले.

संध्याकाळी चिकट भाताचे मुटके करता करता अनोंग म्हणाली, "बाबा, मनातल्या मनात घ्या ना नाव. त्यांना ऐकू येईल."

"त्यांना येईल गं. चुमला येणार नाही."

"चुमचं काय एवढं?"

"हुक तो लावणार आहे. आणि तुझ्या आईला दहनाला नेताना तिची वाट चुकू नये म्हणून मी प्रत्येक वळणावर सांगत होतो, आता डावीकडे, आता पुलावरून. मनात सांगत होतो का?"

अनोंगने हातातला मुटका पानावर ठेवला. म्हणाली, "सहा वर्षं हंगामी आहे मी, बाबा."  आजोबांनी ताटातला भात तसाच ठेवला.

मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा होता. मुलांना वर्गात बसवून खिडक्या लावून घ्यायचा हुकूम होता; आम्ही शिक्षकांनी दारं मात्र उघडी ठेवली. फाटकाशी पोलिसांची जीप. पुतळ्यापुढे डुकराचं उकडलेलं मुंडकं, अंडी, तांदळाची दारू, केळीच्या पानाच्या द्रोणात फुलं. आजोबांनी कर्नलच्या बुटांभोवती पांढरा दोरा गुंडाळला, उदबत्त्या लावल्या, बुद्धवंदना तीनदा म्हटली. मग ते थांबले.

साक्दासाहेबांनी कागद पुढे केला. आजोबांनी तो घेतला, घडी घातली आणि दारूच्या पेल्याखाली ठेवला.

"कर्नल थवीत," त्यांचा आवाज थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "याच गावात जन्मलेले, ही शाळा बांधणारे. आम्ही तुमच्या अंगाला हात लावतोय, क्षमा असावी. आज तुम्हाला इथून हलवून..."

ते साहेबांकडे वळले. "कुठे नेताय?"

"पुढचं म्हणा, आजोबा."

"तेच पुढचं आहे. कुठे जायचंय ते ऐकल्याशिवाय ते उठत नाहीत."

"योग्य जागी."

"कुठल्या?"

साहेबांनी फाटकाकडे हात केला. जीपमधला एक पोलीस खाली उतरला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. तेवढ्यात चुमने इंजिन बंद केलं, क्रेनवरून उतरून आजोबांच्या मागे गुडघे टेकले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, सांगून टाका. मला पोरंबाळं आहेत."

साहेबांनी एकदा वर्गांच्या उघड्या दारांकडे पाहिलं. 

"रस्तेखात्याचं गोदाम," साहेब ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"कुठलं गोदाम?"

"नदीपलीकडचं. भातगिरणीच्या मागचं."

"ऐकलंत ना, कर्नल," आजोबा म्हणाले. "नदीपलीकडे, भातगिरणीच्या मागे. पूल लागेल. सांभाळून या."

पुतळा उचलला, ट्रकवर आडवा केला, वर निळी ताडपत्री टाकली. साहेब जाता जाता आजोबांपाशी थांबले. "तुम्ही मुलीचा विचार केला नाहीत."

"रात्रभर तोच केला," आजोबा म्हणाले.

मार्चमध्ये फाईल सहीविना परत आली. नव्या वर्षाच्या यादीत अनोंगचं नाव नव्हतं. ती आता आईच्या जागी नाक्यावर भात विकते. सुरुवातीचे दोन महिने बापलेकीत कामापुरतं बोलणं होत होतं, आणि तेही फार नव्हतं.

कर्नलच्या जन्मदिवशी मात्र तिने दुकान बंद ठेवलं. मी मागून सायकलवर गेले, तर गोदामाच्या कुंपणाच्या तारेला झेंडूच्या वीसेक माळा आधीच लटकत होत्या. पहारेकरी त्या काढत होता, आणि अनोंग त्याच्यासमोर उभी राहून, तो काढेल त्या जागी दुसरी बांधत होती.