बावन्न किलो गॅस आणि लक्ष्मणभाऊ

आधी नाव सांगतो. लक्ष्मणभाऊ, अवसरी बुद्रुकचे, कळंबजवळच्या एका दूध प्लांटचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर. ते नसते तर तो गॅस मी सोडलाच असता.

पान्हा व्हॉल्व्हवर होता, फोन कानाला. "सोडून दे तिथंच. पाच मिनिटांचं काम," सिलिंडर बसवणाऱ्या आमच्या कंपनीचे सर म्हणाले.

सर्व्हर रूमला आग लागली तर पाणी मारता येत नाही. म्हणून तिथे गॅसचा सिलिंडर बसवतात. आमच्या सिलिंडरात एचएफसी नावाचा गॅस. त्याने मशीन खराब होत नाही. पण हवेत गेला, की हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. बदली सिलिंडर मी जोडला होता. जुन्याची दाबाची टेस्ट करायची होती, त्यासाठी तो रिकामा लागतो. गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन आमच्या चाकणच्या वर्कशॉपला. भरलेला सिलिंडर तिथे न्यायला परवानगीची गाडी लागते, ती दोन दिवस मिळत नव्हती. टेस्टचा नंबर उद्याचा.

मी किनवटचा. शाळा नववीत सुटली. नोकरीचा चौथा महिना, अजून कायम नव्हतो. सरांना नाही म्हणायचं म्हणजे घरची गाडी धरायची.

"पावणं, ह्यो गॅस जानार कुठं?" मागून भाऊंनी विचारलं.

"हवेत. दिसत नाही, वास नाही."

"मंग तुमचं तोंड का उतरलंय?"

मी सगळं सांगून टाकलं. भाऊंनी पान्हा काढून घेतला. दोघांना बोलावून सिलिंडर दूध पावडरच्या पोत्यांच्या काट्यावर चढवला. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं, ते वजा केलं. गेटपासवर लिहिलं, आत गॅस बावन्न किलो. मग माझाच फोन घेऊन सरांना लावला.

"सर, तुमचा मानूस सोडायलाच निघाला व्हता. मीच न्हाई म्हनलो. बावन्न किलो जमा झाल्याचा कागद दावा, मंग तुमच्या बिलावर माझी सही."

मग सरांनी मला फोन द्यायला सांगितलं. मला वाटलं, संपलं.

"कॅप लाव त्याला. परवा गाडी येईल," एवढंच म्हणाले.

कागद आला, साडेएक्कावन्न किलोचा. अर्धा किलो नळीत राहिला म्हणे. भाऊंनी सही केली. मी पुढे कायम झालो.

आता मी कुठेही गेलो की पान्ह्याच्या आधी काटा शोधतो. लिहून ठेवलेला गॅस सहसा कुणी सोडत नाही.

त्या दिवशी 'नाही' मी म्हणायला हवं होतं, ते भाऊंनी स्वतःच्या अंगावर घेतलं. भाऊ, तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर हाक मारा. तेव्हा "मीच नाही म्हणालो" हे मी म्हणेन.