माकडहाडबाई

दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा सुरू करताना बाई पुस्तक उघडतच नसत. "हात मागे न्या आणि पाठीचा कणा संपतो तिथलं हाड चाचपा," असं सांगत. मुलं खुसखुसत, मुली लाजत. "काय म्हणतात ह्याला?" असं विचारलं की वर्ग ओरडे, "माकडहाड!" मग बाई शांतपणे म्हणत, "शेपूट नाही, तर शेपटाचं हाड कशाला उरलं?" ठाकुर्लीच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव माकडहाडबाई पडलं ते त्यामुळे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी तिथे विज्ञान शिकवायला लागले तेव्हा अगदी नवखी होते. बाईंची एक सवय मला फार अवघड वाटे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःला आलं नाही, की त्या तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढत. उत्तर मिळेपर्यंत तो पुसायचा नाही. "माहीत नाही म्हणायला लाजू नये. थाप मारायला लाजावं," असं म्हणत.

हवामानबदलाच्या बाबतीतही तसंच. एका मुलानं निबंधात लिहिलं, काल फार उकडलं, म्हणजे हवामान बदललं. बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं : 'एका दिवसावरून नाही. तीस वर्षांच्या नोंदी बघ, मग बोल.' पण शिक्षकांच्या खोलीत कोणी "हे सगळं निसर्गाचं चक्र हो," म्हणालं, तर डबा बाजूला सारून त्या म्हणत, "चक्र असतं. पण ह्या वेळचा धूर आपला आहे."

एका वर्षी एका पालकांनी शाळेला पत्र दिलं. खाडीकाठच्या गावातले जुने शेतकरी. त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात होती. उत्क्रांतीचा धडा शिकवणं बंद करा, नाहीतर गावातली मुलं शाळेतून काढू, असं पत्रात होतं. मुख्याध्यापक घाबरले. आम्हा दोघींना बोलावून म्हणाले, "परीक्षेपुरती उत्तरं लिहून द्या आणि पुढे चला." मी मान डोलावली आणि त्याच दिवशी माझ्या तुकडीला उत्तरं लिहून दिली. बाई म्हणाल्या, "मला नाही जमणार, सर. त्या गृहस्थांना बोलवा."

ते आले तेच तापलेले. "बाई, आमच्या आज्याला माकड म्हणता?"

"नाही म्हणत. आजचं माकड आपला आजा नाही, लांबचा भाऊबंद आहे. फार मागे दोघांचे पूर्वज एकच होते. मुलीनं चुकीचं ऐकलं असेल, नाहीतर मी नीट सांगितलं नसेल. उद्या वर्गात बसा आणि माझी चूक काढा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच शेवटच्या बाकावर बसले, गुडघे मावत नव्हते तरी. मी दाराशी उभी होते. बाईंनी जीवाश्मांची चित्रं दाखवली, देवमाशाच्या अंगातली मागच्या पायांची उरलेली हाडं दाखवली. मध्येच त्या गृहस्थांनी विचारलं, "मग देवाचं काय?"

"ते माझ्या तासात येत नाही. ते तुम्ही घरी सांगा, मी मध्ये पडणार नाही. पण ह्या हाडांबद्दल तुम्ही माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नका."

तास संपल्यावर ते भिंतीवरच्या तापमानाच्या तक्त्यापाशी थांबले. "आमच्या शेतात हल्ली भरतीचं पाणी शिरतं. ते ह्याच्यामुळेच ना?"

माझ्या मनात आलं, बाई, आता हो म्हणून टाका! माणूस आपल्या बाजूला येतोय. बाई म्हणाल्या, "समुद्र चढतोय हे नक्की. पण तुमचा बांधही फुटलाय, शेजारी भरावही पडलाय. तुमच्या शेतात कशामुळे किती, ते मोजल्याशिवाय मला सांगता यायचं नाही."

 ते मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "पत्र द्या परत. पटलं सगळं, असं नाही. पण ही बाई पोरीला फसवणार नाही."

मुख्याध्यापकांनी पंखा वाढवला. मी तडक माझ्या वर्गात गेले, लिहून दिलेली उत्तरं मुलांना खोडायला लावली आणि धडा पहिल्यापासून सुरू केला. 

पुढे बाई निवृत्त होऊन खडवलीला भावाकडे राहायला गेल्या. यंदा दहावीच्या दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या. धडा संपला त्या दुपारी त्यांचा फोन आला.

"उत्क्रांती झाली?"

"झाली, बाई. पूर्ण."

"कोणी तक्रार घेऊन आलं होतं?"

"कोणीच नाही."

 पलीकडे बाई हसल्या. "चला, मग मी आता जरा आडवी होते."