प्लँटमध्ये धावायचं नाही

सव्वीस वर्षं मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. नवीन भरती झाली की पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतो: प्लँटमध्ये धावायचं नाही. सायरन वाजला तरी नाही. आधी छपराकडे बघायचं, वाऱ्याची ती लाल-पांढरी कापडी पिशवी कुठल्या बाजूला फुगलीय ते पाहायचं, तोंडाला ओला कपडा लावायचा आणि वाऱ्याला आडवं होऊन झपाझप चालत निघायचं. कारण एक धावला की दहा धावतात, आणि दहा धावले की जिन्यात कुणीतरी पडतं. आमच्या मोरिवलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथे कुणी कंपनीच्या बाजूने पळत आलं, म्हणजे काहीतरी सुटलं.

अशा माणसाला डॉक्टर म्हणाले, "आता धावायला लागा."

शुगर चालून खाली येईना. त्यांनी मशीनच्या पट्ट्यावर पळवून छातीचा कागद काढला, तो नॉर्मल आला. "एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. घाबरू नका," म्हणाले. घाबरू नका म्हणायला त्यांचं काय जातंय! माझे वडील बावन्नाव्या वर्षी, कंपनीच्याच रस्त्यावर, हातात डबा घेऊन खाली बसले ते बसलेच. कागद त्यांचाही कधीतरी नॉर्मल आलाच असेल. मी आता एक्कावन्न.

बायकोला सांगितलं तर तिने आधी पोळपाट बाजूला सारला. "अहो, हे काय नवीन खूळ? मामंजींचं काय झालं ते विसरलात?" विसरलो नव्हतो, तीच तर बोंब होती. धावलो तर छातीची भीती, नाही धावलो तर शुगरची. शेवटी तिने अट घातली: उजाडल्यावरच जायचं, अर्ध्या तासात परत यायचं. मी निघालो की ती घड्याळ घेऊन गेटवर उभी. तिला दमा आहे, हिवाळ्यात सकाळी तिने बाहेर थांबू नये, पण ऐकते कोण?

उल्हासनगरच्या बाजारातून बूट आणले. दुकानदार म्हणाला, "पहन के तो देखो साईं, एकदम मक्खन!" बूट खरंच मक्खन होते, पाय मात्र ओंडक्यासारखे. पहिल्या सकाळी मी विजेचे दोन खांब धावलो आणि तिसऱ्याला धरून उभा राहिलो. कानात धडधड, डाव्या दंडात मुंग्या. झालं, आलीच वेळ, असं वाटलं. मुंग्या खांब घट्ट धरल्यामुळे आल्यात हे कळायला पाच मिनिटं लागली. घरी येऊन म्हणालो, "मस्त वाटलं."

महिनाभर मी अशा थापा मारल्या. कुत्री भुंकली तर भीती आणि गप्प बसून बघत राहिली तर जास्तच. वडील जिथे बसले होते ती जागा आली की मी चालायला लागायचो, तिथे एक मिनिटसुद्धा धावायचो नाही. पण हळूहळू दोन खांबांचे दहा झाले, दहाचे वीस. डिसेंबरात ठरवलं, आज कोपऱ्यावरच्या टाकीपासून नाक्यापर्यंत न थांबता जायचं. ती जागासुद्धा धावतच ओलांडायची.

त्या सकाळी थंडीने धूर खाली बसला होता, रोजचाच तो आंबूस वास मारत होता. मी नाकाला रुमाल बांधला. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट होता, कारण चांगले कपडे घामात कोण घालवतो? निघालो. ती जागा आली, मी डोळे बारीक केले आणि पुढे निघून गेलो. काही झालं नाही! आनंदात सवयीने वर बघितलं, कंपनीच्या छपरावरची वाऱ्याची पिशवी नाक्याकडे फुगली होती. वास चुकवावा म्हणून मी वाऱ्याला आडवा, गल्लीत वळलो आणि जोर वाढवला.

गल्लीच्या तोंडाला एका मावशीची चहाची टपरी आहे. मी तिथला रोजचा गिऱ्हाईक. तिने मला बघितलं आणि ओरडली, "काय झालं हो?"

तोंडातून शब्द फुटेना. मी नुसता हात हलवला. मला म्हणायचं होतं, थांबा, नंतर सांगतो. तिने मात्र झटकन स्टोव्ह बंद केला, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. गॅस सुटल्यावर इथे सगळ्यात आधी जाळ विझवतात.

"गॅस! गॅस सुटला!"

फर्स्ट शिफ्टची माणसं चहा तिथेच टाकून उठली. घराघरातून बायका बाहेर आल्या, कुणी पोरं काखेत मारली, कुणी म्हाताऱ्यांना ओढलं. ओरड माझ्यापुढे पळत आमच्या आळीकडे गेली. आणि मूर्खपणा बघा, एवढी माणसं पळताना बघून मलाही खरं वाटलं! छातीच्या नादात सायरन ऐकू आला नसेल, असंच डोक्यात आलं. आमचं घर तळमजल्याला. जड गॅस खालीच साचतो. बायकोला दमा. इतका मी प्लँटमध्येही कधी घाबरलो नव्हतो.

पळता पळता शेजारच्या माणसाला विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

"मला काय विचारता? तुम्हीच तर पळत आलात!"

अरे देवा. निळा शर्ट, नाकाला रुमाल, वर बघून आडवं वळणं. सव्वीस वर्षं जे शिकवलं ते सगळं मी करून दाखवलं होतं, आणि वर धावलो होतो. "काही नाही! काही सुटलं नाही! मी व्यायाम करत होतो!" मी ओरडलो. ऐकतंय कोण?

तेवढ्यात समोरून ती दिसली. सगळी माणसं कंपनीपासून लांब पळत होती आणि माझी बायको कंपनीकडे पळत येत होती. दहा वर्षांत मी तिला जिना घाईने चढतानाही पाहिलं नव्हतं. गाउनवर शाल, एक ओला नॅपकिन तोंडावर, दुसरा हातात.

मला बघताच तिने हातातला नॅपकिन माझ्या तोंडावर दाबला आणि मटकन खाली बसली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ काळपट पडत चालले होते.

"पंप कुठाय?" मी ओरडलो. "अगं, पंप आणलास का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "उशाशी..." माझ्यासाठी नॅपकिन भिजवायची आठवण राहिली, स्वतःचा दम्याचा पंप राहिला घरी.

टपरीची मावशी मागून आलीच होती, तिच्या हवाली करून मी सुटलो. किती धावलो, कसा धावलो, सांगता येणार नाही. खांब मोजले नाहीत. एकच भीती होती, की मी पोचेपर्यंत तो शिट्टीचा आवाज थांबेल. उशी फेकली, पंप घेतला, तसाच परत. ती जिवंत आहे हे मला लांबूनच कळलं, कारण आवाज येत होता.

पंप तोंडाला लावला. एकदा. दुसऱ्यांदा. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो होतो. भोवती माणसं जमली होती, मावशी माझा उद्धार करत होती, "अहो, अंगात कंपनीचा शर्ट घालून कुणी पळतं का? अक्कल गहाण ठेवली का तुम्ही?"

हळूहळू ओठांवर रंग आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. तिने पंप खाली ठेवला, माझा निळा शर्ट मुठीत धरून मला जवळ ओढलं आणि तळहात माझ्या छातीवर टेकवला.

"धडधडतंय किती," ती एकेक शब्द ओढत म्हणाली. "दुखत... नाही ना?"