डब्याचं तोंड

सारी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली म्हणून गल्ली त्यांना रेडिओकाका म्हणायची. त्यांची बायको अंथरुणाला खिळली ती मागच्या खोलीत, आणि वायफाय पुढच्या खोलीत. परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा मध्येच थिजायचा, फोन तुटायचा. लेक पुन्हा लावायची. "आई, दिसतेय का गं मी?" असं करता करता संध्याकाळ सरायची.

काकांना ते बघवेना. रेडिओवाल्याच्या घरात लेकीचा आवाज तुटतो म्हणजे काय! त्यांनी दूध पावडरचा रिकामा डबा घेतला, भोक पाडून आत तांब्याची तार डाख देऊन बसवली, वायफायला एरियलसारखी जोडली आणि डब्याचं तोंड बायकोच्या खाटेकडे वळवलं. चित्र आरशासारखं लख्ख! काकांची छाती फुगली.

"छान दिसताय दोघं. सगळं ठीक ना? मग ठेवते," लेक म्हणाली. रोज तेवढंच.

"आग लागो तुमच्या डब्याला," बायको एकदाच म्हणाली. "पूर्वी पोर परत परत यायची हो."

काकांनी ते हसण्यावारी नेलं.

बायको गेल्यावर काका तिच्याच खाटेवर बसून लेकीशी बोलत. एके दिवशी कॉल यायच्या आधी ते उठले आणि डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवून आले. लेकीचा चेहरा थिजला, फोन तुटला, पुन्हा वाजला.

"बाबा, आता दिसतेय का मी?"

या खेपेला ती स्वच्छ दिसत होती.

"नाही गं," काका म्हणाले. "पुन्हा लाव."