घंटी कोणाकडून बसवायची

शेजारच्या अक्कांकडे चोरी झाली ती भर दुपारी. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि आमची वसाहत तर तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नावालाच वसाहत होती. होटगी रस्त्यापासून आत गेलं की चार-पाच बांधून झालेली घरं, बाकी दगड रोवून ठेवलेले रिकामे प्लॉट, आणि पलीकडे ज्वारी काढून झालेली उघडी रानं. एका घरातली हाक दुसऱ्या घरात जेमतेम पोचायची. माझं माहेर बार्शीचं, भर पेठेतलं. तिथं एका घरात फोडणी पडली की शेजारी ठसका लागायचा. इथली शांतता मला पहिल्या दिवसापासून सोसली नव्हती.

अक्का माझ्याहून बऱ्याच मोठ्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाबरल्या की दोन्ही एकदम. त्यांच्या यजमानांचं बाजारात धान्याचं दुकान होतं. त्या दुपारी अक्का पुढच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून पडल्या होत्या. जाग आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात एक माणूस उभा राहून त्यांच्याच तांब्यानं पाणी पीत होता. त्यानं सावकाश पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मग कपाटातलं सामान बांधलेलं गाठोडं काखेत मारून मागच्या दारानं निघून गेला.

"वरडायला म्हणून तोंड उघडलं की गं मी," अक्का मला सांगत होत्या, "पण आवाजच भायेर येईना. अय्यो देवा, घसा हाय का न्हाय, असं झालं."

गेलेल्या वस्तूंत त्यांच्या सासूबाई गळ्यात घालायच्या ती, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी होती. तिच्यासाठी त्या रडल्या. पण पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या त्या पाणी पिणाऱ्या माणसाबद्दल, त्याला कसली घाई नव्हती त्याबद्दल.

त्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली. यजमान सूतगिरणीत इंजिनिअर; सकाळी सायकलवरून जायचे ते संध्याकाळीच परत. घरात मी आणि पाळण्यातली मुलगी. जेवणं झाली की मी सगळी दारं लावून, त्या उकाड्यात, पाळण्याची दोरी हातात धरून बसून राहायची. सांडशी पडली, खिडकीचं दार वाऱ्यानं वाजलं, की उठून सगळ्या कड्या पुन्हा बघायची. मुलगी रडू नये म्हणून धडपडायची मी, कारण ती रडली तर बाहेरची चाहूल ऐकू येणार नाही.

अक्कांच्या यजमानांनी एक कुत्रं आणलं. आठवड्याभरात ते दूधवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांपुढं शेपूट हलवायला लागलं. माझे यजमान यंत्रातले. त्यांना यंत्राचाच उपाय सुचणार. गिरणीत कुणीतरी त्यांना मुंबईच्या एका कंपनीबद्दल सांगितलं. दाराला, खिडकीला तारा जोडायच्या, आणि कुणी बाहेरून उघडलं की घंटी वाजायला लागते ती बंद करेपर्यंत थांबत नाही. घाबरलेल्या माणसाच्या घशावर काही अवलंबून राहत नाही. मला ते फार पटलं. मीच म्हणाले, "बोलवा त्या कंपनीच्या माणसाला."

तो आला तोही दुपारीच. यजमानांनी गिरणीतून चिठ्ठी दिली होती म्हणून मी दार उघडलं. टाय बांधलेला, घामानं निथळलेला, हातात काळी पेटी. बोलणं अगदी गोड. पेटीतून त्यानं एक लाल घंटी काढली, सेलला तारा लावल्या आणि वाजवली. मुलगी किंचाळून उठली, अक्का पदर खोचत धावत आल्या. तो हसला. "बघा वहिनी, शेजारी आले की नाही?"

मग त्यानं घर पाहायला मागितलं. ते त्याचं कामच होतं. पण तो खोल्यांतून फिरत होता आणि मी मुलीला कडेवर घेऊन त्याच्या मागं मागं. कपाट कोणत्या खोलीत? या खिडकीचा गज हलतो, माहीत आहे का तुम्हाला? मागचं दार त्यानं धरून गदागदा हलवलं.

"ही कडी म्हणजे काहीच नाही. बाहेरून पातळ पट्टी घातली की वर. दुपारी तुम्ही एकट्याच असता ना?"

"हो," मी म्हणाले.

"साहेब किती वाजता येतात?"

मी तेही सांगितलं. विचारणारा इतका सहज विचारत होता की न सांगणं उद्धटपणाचं वाटलं. तो काही लिहून घेत नव्हता, सगळं डोक्यात ठेवत होता. तो गेल्यावर मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. माझ्या घराचे सगळे कच्चे दुवे आता एक परका माणूस बरोबर घेऊन चालला होता.

संध्याकाळी मी यजमानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, डॉक्टरला दुखतं कुठं ते सांगावंच लागतं."

"डॉक्टरला आपण ओळखतो," मी म्हणाले. पण त्यांनी सामान मागवायचं ठरवलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, अशाच एका दुपारी, पुढच्या खिडकीवर टकटक झाली. मी पडदा जरासा सरकवला. बाहेर पायजमा-सदऱ्यातला एक माणूस, खांद्यावर पिशवी.

"वहिनी, कंपनीतनं आलोय. घंटीचं माप घ्यायचं हाय."

"आत्ता नको. संध्याकाळी या."

"दोन मिन्टाचं काम हाय की. मागच्या खोलीतल्या कपाटाजवळची खिडकी, आन् मागचं दार. तेवढंच."

कपाट मागच्या खोलीत आहे हे त्याला माहीत होतं.

"साहेब गिरणीतच असतील न्हवं?"

मी खिडकी लावून घेतली. तो जाईल असं वाटलं. मी कान देऊन ऐकत राहिले. चपलांचा आवाज फाटकाकडे गेला नाही. भिंतीच्या कडेकडेनं, वाळलेल्या पाचोळ्यावरून, तो घराच्या मागं निघाला.

मी पाळण्यातून मुलीला उचललं. कुठं जावं कळेना. पुढचं दार उघडून पळावं तर तो वळसा घेऊन पुढं येईल. इतक्यात मागच्या दाराशी बारीक खरखर सुरू झाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर कडी हळूहळू हलायला लागली. त्या आवाजातही घाई नव्हती.

मी ओरडायला तोंड उघडलं. अक्कांनी सांगितलं होतं तसंच झालं. नुसती हवा.

कोनाड्यात ट्रान्झिस्टर होता. तो मी का लावला हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित घरात कुणाचा तरी आवाज हवा होता म्हणून. बटण पूर्ण फिरवलं. दुपारच्या बातम्या चालू होत्या. एका भारदस्त पुरुषाचा आवाज एकदम घरभर झाला. आणि दाराशी चाललेली खरखर थांबली.

ती थांबली तेव्हा मला कंठ फुटला. "अहो, उठा की! मागच्या दारी कोण आलंय बघा!" तो आवाज माझा नव्हताच, चिरका, परका. पण निघाला. "अहो, काठी घेऊन जा!" मी रिकाम्या खोलीकडे बघून ओरडत होते, मुलगी रडत होती, बातम्या देणारा आपला कुठल्यातरी धरणाबद्दल सांगत होता. पाचोळ्यावरून धावणारी पावलं ऐकू आली. मग अक्कांचं कुत्रं, तेही शेवटी, भुंकलं.

अक्का आल्या. मी दार उघडेना. "मी हाय गं, मी!" त्या बाहेरून ओरडत होत्या आणि मला तो आवाज खरा वाटेना. त्या कानडीत काहीतरी बोलल्या तेव्हा कुठं मी कडी काढली आणि त्यांच्या खांद्यावर पडले.

दुसऱ्याच आठवड्यात मागच्या दाराशी आलेला तो माणूस जवळच्या मंद्रूप गावच्या बाजारात सापडला. अक्कांच्या सासूबाईंची चांदीची डबी तो एका सोनाराला दाखवत होता. सोनारानं ती कसली डबी आहे हे ओळखून अशी वस्तू कोण विकतं म्हणून त्याला बोलण्यात गुंतवलं आणि पोलीस पाटलाला बोलावणं पाठवलं. चौकीवर ओळख पटवायला आम्ही दोघी गेलो. अक्कांनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्योच. ह्यानंच पानी पिलं." मी मान हलवली. तो आमच्याकडे बघतही नव्हता. तरी परत येताना टांग्यात मी सारखी मागं वळून बघत होते.

हवालदारांनी पुढचं यजमानांना सांगितलं. कंपनीचा तो टायवाला एस.टी. स्टँडसमोरच्या एका हॉटेलात चहा पीत दुसऱ्या गिऱ्हाइकाला पटवत होता. त्याला घाबरवायला म्हणून त्यानं आमचंच घर उदाहरणाला दिलं होतं. होटगी रस्त्याकडचं अमुक घर, साहेब गिरणीत, बाई तान्ह्या पोरीसह एकटी, कपाट मागच्या खोलीत, मागची कडी पट्टीनं निघते. शेजारच्या बाकावर हा चोर बसून ऐकत होता.

तो टायवाला घरी आला, यजमानांबरोबर. पेटी नव्हती हातात. "वहिनी, मी चोर नाही हो," तो म्हणाला. "मी फक्त धंद्याचं बोललो. असं होईल हे माझ्या मनातही नव्हतं." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. मी त्याला चहा दिला, पण त्याच्यासमोर बसवेना. आत जाऊन उभी राहिले.

यजमानांचं मत तरीही कंपनीच्या बाजूनं होतं. माल चांगला, गॅरंटी, मोठं नाव. एका माणसाची जीभ सैल म्हणून कंपनी वाईट कशी? त्यांचं चुकत नव्हतं. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी ठाम नाही म्हणाले. "घंटी तुम्ही तपासा. बसवणारा माणूस मी निवडणार."

अक्कांना घेऊन मी पूर्व भागात गेले. मागांच्या खडखडाटात एका गल्लीत विजेच्या सामानाचं दुकान होतं. मालक तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, मागांच्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि घरांना, पेढ्यांना घंट्याही बसवून द्यायचा असं अक्कांच्या यजमानांनी ऐकलं होतं. मी विचारलं, वीज गेली तर? त्यानं सांगितलं, सेलवर चालते. आवाज किती? त्यानं वाजवून दाखवली. मुंबईवाल्याच्या घंटीएवढी काही मोठी नव्हती.

मग मी विचारलं, "आतापर्यंत कुणाकुणाकडे बसवल्यात?"

तो स्क्रू पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "ते सांगत नाही बाई."

अक्का चिडल्या. "आमी कसा इस्वास ठेवायचा मग?"

"त्यांचं तुमाला सांगितलं, तर तुमचं बी उद्या कुणाला तरी सांगेन की."

मी तिथंच ठरवलं. रविवारी यजमान घरी असताना तो आला. काही विचारलं नाही त्यानं. कुठं बसवायची ते मी दाखवलं, त्यानं तारा ओढल्या आणि गेला. हातानं वाजवायचं एक बटणही बसवून घेतलं. ते कुठं होतं हे आजही लिहावंसं वाटत नाही.

घंटी आली म्हणून भीती गेली, असं झालं नाही. दोन-तीनदा ती मांजरानं वाजवली आणि प्रत्येक वेळी मी मुलीला उचलून पुढच्या दाराशी धावले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. दुपारी मी जागीच असायची. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली. समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं, दिवसभर गवंड्यांचे आवाज यायला लागले.

अशाच एका दुपारी मला झोप लागली. जाग आली ती उन्हं कलल्यावर. मुलगी जवळ नव्हती आणि पुढचं दार सताड उघडं होतं. मी अनवाणी बाहेर धावले. ती अक्कांच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हातांत कडक भाकरीचा तुकडा धरून, आणि अक्का तिला कानडीत कावळा म्हणायला शिकवत होत्या.

"तूच दार उघडून दिलंस की मला," अक्का म्हणाल्या. "पोरीला दे, म्हनलं मी. व्हय म्हनलीस आन् पुन्ना झोपलीस. लई दमली व्हतीस गं."

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी पायरीवर बसले. उन्हानं तापलेल्या फरशीचे चटके तळव्यांना बसत होते. मुलीनं भाकरीचा ओला तुकडा माझ्या तोंडापुढं धरला. मी तो खाल्ला.