वामनचे नंबर

सबनीस साहेबाने वामनला फसवलं आणि वामनचा हात मी मोडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एकोणीसशे ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अड्याळच्या रस्त्यावर तेव्हा सळयांचा एक कारखाना होता. आता तिथे बाभळी आहेत. सायकलवर भंगार गोळा करता करता मी तिथला मजुरांचा ठेकेदार झालो होतो. वामन पवनीकडचा, काटकुळा, गालात कायम सुपारी. दोन कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते, एक रोलरच्या शेडमध्ये, दुसरा वीजघरात, मध्ये तार. मशीन दुरुस्त करायची असली की शेडमधून निरोप टाकायचा, अमक्या मशीनची वीज तोडा. तोडली की नुसता 'बंद' एवढाच जवाब यायचा, मशीनचं नाव नसायचं. तोवर दुसऱ्यांचे निरोप जातच राहायचे, कोणी कोणासाठी थांबत नसे.

वामन प्रत्येक निरोपाला नंबर लावायचा. जवाबावर तोच नंबर असला तरच वामनचा प्रोग्राम तो जवाब ज्याचा त्याला दाखवायचा.

"कायले एवढी कटकट? पयले विचारलं त्याले पयला जवाब," मी म्हणालो. रेशनच्या रांगेत वाढलेला माणूस मी.

"भाऊ, जवाब रांगेत नाही येत. ज्याचं काम लवकर झालं त्याचा लवकर येते. नंबर नसला त दुसऱ्याचा जवाब आपला समजून मरान."

बोलण्यातही तसाच. सकाळी गेटवर म्हणायचा, "एक, तुमची लुना भेटन का? दोन, वहिनीचा ताप उतरला का?" आणि न थांबता चालू लागायचा. दुपारी मी शेडमधून ओरडायचो, "दोन, उतरला! एक, बिलकूल नाही!"

तारेत खरखर होऊन नंबर बिघडला की प्रोग्राम जवाब फेकून द्यायचा. निरोप पुन्हा पाठवावा लागे, शेड तेवढी थांबे. मॅनेजर सबनीस साहेबाला ते खपत नव्हतं. नंबर काढ म्हणाला. वामनने नकार लिहून दिला. मग वामन बहिणीच्या लग्नाला गेला, तेव्हा साहेबाने नागपूरहून माणूस आणून नंबर काढून टाकले.

तिसऱ्या दिवशी रोलरमध्ये सळई अडकली. माझा साळा शंकर याने वीज तोडायचा निरोप टाकला. त्याच वेळी कोणी क्रेनची वीज तोडायला सांगितलं होतं. क्रेनचा जवाब आधी आला. शंकरला दिसलं, 'बंद'. सळईने अडकलेला रोलर तसाही थांबलेलाच होता, वीज चालू आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्याने सळई ओढून काढली आणि रोलर फिरला. हात गेला, मग खांदा. मी पाय धरून ओढलं, तेव्हा शंकर अर्धाच हाती आला.

"वामनच्या प्रोग्रामने मारलं," साहेब म्हणाला.

दुसऱ्या सकाळी वामन आला. लग्नातली हळद अजून नखांत होती. मी सळई उचलली.

"भाऊ, नंबर कोणी काढले, ते सांगा!"

त्याने बोलू नये म्हणून मी आणखी मारलं. कोपराचं हाड बाहेर आलं, तरी तो तेच ओरडत होता. लोकांनी मला मागे खेचलं तेव्हा माझ्या शर्टावर त्याचं रक्त होतं, शंकरचं तर नखांतून निघालंही नव्हतं. खिळा घ्यायचा तरी मी चार दुकानं फिरतो. त्या दिवशी साहेबाचं बोलणं पहिल्याच दुकानातल्या मालासारखं घेतलं.

महिन्याने कारकुनाने वामनचा नकाराचा कागद दाखवला. खाली वाचल्याची साहेबाची सही होती. मी पवनीकडे वामनच्या घरी गेलो. त्याने डाव्या हाताने चहा पुढे केला.

"माफ कर, वामन."

"हा माझ्या सवालाचा जवाब नोहे, भाऊ. मी विचारलं होतं, नंबर कोणी काढले?"

त्याने कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. गेल्या साली तो वारला. साहेब नागपुरात बंगल्यात राहतो. मी दारात जाऊन उभा राहिलो की म्हणतो, "झालं ते फार वाईट झालं." हा दुसऱ्याच कोणत्या तरी सवालाचा जवाब आहे.

सबनीस साहेब, माझ्या हाताने काय केलं ते मी वर लिहून दिलं. आता तुम्ही बोला. सवाल एक : नंबर कोणाच्या हुकमाने काढले? नाव लिहा, आणि जवाबावर हाच नंबर टाका.