बाबांच्या पेशींची रेघ

भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर हसतच आलेय. आताही विश्वास वगैरे बसलेला नाही... डोकं मात्र फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी काम करते. रक्तातल्या रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किती ऊर्जा वापरतात, ते आम्ही मोजतो. प्लेटच्या बारीक खळग्यांत पेशी ठेवायच्या. त्या किती ऑक्सिजन घेतात ते मशीन स्क्रीनवर रेघ काढून दाखवतं. ऐकायला सोपं. पण पेशी मरतात, तळाला चिकटत नाहीत, मशीन रुसतं... कितीतरी प्लेटी फुकट गेल्यात!

त्या दिवशी साठीपुढचा निरोगी माणूस हवा होता. ठरलेले काका आलेच नाहीत, म्हणून बाबांना बोलावलं. रक्त देऊन ते मेट्रोने घाटकोपरला घरी गेले.

दुपारी प्लेट लावली. सगळ्या रेघा झकास सरळ. आणि एकदम बाबांच्या खळग्यांच्या रेघा घसरल्या — सगळ्या एकत्र, जवळजवळ शून्यावर. पेशींचा श्वास थांबवणारं औषध अजून घातलंही नव्हतं. शेजारच्या खळग्यांत दुसऱ्यांच्या पेशी मजेत!

"वाट लागली यार," सोबत काम करणारा समीर म्हणाला. "मेल्या. परत रक्त माग तुझ्या बाबांकडे."

चिडूनच फोन लावला. बाबांचा लागेना. मग आईला केला.

"बाबा कुठेत गं?"

"दूध आणायला गेलेत. एव्हाना यायला हवे होते. त्यात लाईट गेलीय."

लाईट गेली म्हणजे लिफ्टही अडकली असणार! "आई, लिफ्ट बघ! आत्ता!"

आई फोन चालू ठेवूनच जिन्याने धावली. मला सगळं ऐकू येत होतं — लिफ्टच्या दारावर थापा, वॉचमनला हाका, "अहो, ऐकताय ना?" वॉचमनने चावी लावून दार उघडलं, तर बाबा कोपऱ्यात बेशुद्ध. "वारा घाला रे!" कुणीतरी ओरडलं.

समीरने माझा हात घट्ट धरला. "स्क्रीन बघ."

बाबांच्या रेघा वर चढत होत्या. आणि फोनमधून बाबांचा क्षीण आवाज आला, "पाणी दी गो..."

मेलेल्या पेशी परत ऑक्सिजन घेत नाहीत. अंधेरीतल्या पेशींना घाटकोपरमधलं काही कळत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवते!

डॉक्टरांनी बाबांना तपासलं, ते ठणठणीत आहेत. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, सेन्सर बिघडला असेल. इंजिनिअरने मशीन अख्खं उघडलं. काहीही बिघाड नाही. बाबांचं रक्त परत परत घेतलं, रेघा सरळच. प्लेट चालू असताना त्यांना जिने चढायला लावलं, श्वास रोखायला लावला... ढिम्म! शेवटी तेच वैतागले, "आता काय परत लिफ्टीत कोंडतंस?"

आमचा संशोधनाचा पेपर छापायला गेला. त्यात बाबांचा त्या दिवसाचा डेटा नाही. तळाशी बारीक अक्षरांत एवढंच आहे — 'तांत्रिक कारणामुळे वगळला.'

"मॅडम, कुठलं कारण?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तूच सांग ना."